नळाचं झबलं

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे. वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्यांतला. आणि मोरीतला नव्हे हं, चांगला स्वयंपाकघरातला! भट्टीत वितळलो, साच्यात ओतला गेलो, कानशीने घासून निघालो, तेव्हा कुठे हे रूप आलं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांनी, म्हणजे आमच्या घरमालकांनी, मला स्वतः पारखून आणलं. "बघा कसा झळकतोय!" असं ते भेटेल त्याला सांगायचे. मी अगदी फुशारून गेलो होतो.

भाडेकरू आले, गेले. कुणी मला घासूनपुसून ठेवलं, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग शिवणकाम करणारी ताई आपल्या आईला घेऊन राहायला आली. बाई मोठी टापटिपीची. भांडी झाली की माझ्यावरून फडकं फिरवायचीच. आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नसे. पण खिडकीत बसून काजं-बटणं करता करता ती रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याशी मनसोक्त बोलायची. दोघी छान रुळल्या होत्या.

आणि मी गळायला लागलो. वय झालं की आतला वायसर झिजतो, त्याला मी तरी काय करणार?

"मास्तरांना सांग की," आई म्हणाली.

"नको गं बाई! आधीच्या घरी छत गळतं म्हटलं, तर मालकाने घरच सोडायला लावलं. विसरलीस?"

मग ताईने तिला जे येत होतं ते केलं. माझं माप घेतलं आणि दुहेरी अस्तराचं, नाडीवालं झबलं शिवून मला घातलं! टपटप थांबली. पण पाणी ते, गप्प बसतंय होय? झबल्यातून मागच्या भिंतीला लागलं आणि झिरपत झिरपत थेट मास्तरांच्या पुस्तकांच्या कपाटात उतरलं.

मास्तर तरातरा वर आले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करते, मास्तर," ती आपणहून म्हणाली. आई खिडकीतून उठायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तरांनी नाडी सोडली, झबलं उलटंसुलटं करून पाहिलं.

"शिवण झकास आहे," ते म्हणाले. "पण ताई, सांगायचं नाही का? नळ दुरुस्त करून देणं माझं काम, बिघडलाय हे वेळेवर कळवणं तुमचं. करारावर सह्या केल्यात ना आपण दोघांनी?"

"तुम्ही घर सोडा म्हणाला असता तर?"

"तक्रार केली म्हणून? तसं मला म्हणताच येत नाही. आणि चार वर्षांत मीही एकदा विचारायला आलो नाही, तेव्हा माझंही चुकलंच. बसा हो आई, बसा."

आई बसली. ताईने डोळे पुसले, खाली जाऊन भिजलेल्या पुस्तकांचं पान न् पान सुकवलं आणि उसवलेल्या बांधण्या पुन्हा शिवून दिल्या. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी प्लंबर आणला.

"जुनाट आहे हा. काढून टाकू?" त्याने विचारलं.

"वापरतात त्या. त्यांना विचार," मास्तर म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"वायसर बदला की. एवढ्यासाठी कुणाला घराबाहेर काढतात होय?"

मित्रांनो, मी राहिलो, त्याही राहिल्या. या माणसांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही उद्या मालक व्हा नाहीतर भाडेकरू, माझं एवढं ऐका. काही बिघडलं तर झाकू नका, सांगा. आणि कुणी सांगायला आलं, तर आधी त्याला बसायला सांगा.