ओट्यावरची नजर

आमच्या आदिलाबादच्या गल्लीत कॅमेरा लागला तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं मलाच वाटलं होतं. माझी लेक मैत्री चार वर्षांची, पाय एका जागी ठरत नाहीत, आणि गल्लीच्या तोंडाशीच लॉऱ्यांचा रस्ता. कॅमेऱ्याची सगळी खटपट शेजारच्या अमरभाऊंची. म्हणाले, "वहिनी, आता बिनघोर राहा. कोणी आलं-गेलं की मोबाईलच सांगते."

सांगायचा खरा. मांजर गेलं, टिंग. दोरीवरची साडी हलली, टिंग. शेवटी मी आवाजच बंद करून टाकला.

त्या दुपारी तव्यावर भाकरी होती आणि मैत्री अंगणात खेळत होती. निदान मी तसं धरून चालले होते. बाहेर येऊन पाहते तर फाटक उघडं. अनवाणीच धावले. रस्त्यावरच्या किराणा दुकानात बाईसाहेब बाकावर बसून बिस्कीट खात होत्या. दुकानदारानं तिला लॉरीपुढून ओढून घेतलं होतं.

संध्याकाळी अमरभाऊंनी मोबाईल पुढे धरला. "पाहा वहिनी, किती साफ दिसते!"

साफच दिसत होतं. कुत्र्याच्या पिल्लामागे मैत्री अख्खी गल्ली चालून गेली. मी मात्र समोरच्या ओट्याकडे बघत राहिले. ओटा रिकामा होता.

तिथे मथुराबाई बसायच्या, तुरीच्या शेंगा सोलत. त्यांची हाक ऐकल्याशिवाय एक पोर पुढे जात नसे. हल्ली त्या दिसतच नव्हत्या, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तशीच त्यांच्या दारात गेले. त्या आतच शेंगा सोलत बसल्या होत्या. "काकू, ओट्यावर काऊन नाही बसत आता?"

"बसू कशी वं? मी पाय पसरून, पदर खोचून बसलेली, अन् अमरच्या घरचे चहा पीत मोबाईलात पाहून राह्यले! अमरची बायको मले इचारते, काकू, काल दोनदा कुठी गेल्या होत्या? मी काय चोर हाय?"

मी दुपारचं सांगितलं. त्यांचा हात शेंगेवरच थांबला. "मह्या दारापुढून गेलं लेकरू?"

मी सरळ अमरभाऊंकडे गेले. "कॅमेरा रस्त्याकडे वळवा."

"मंग गल्ली कोण पाहीन?"

"आम्ही."

"चोर आला तर मले बोलू नका," असं पुटपुटत का होईना, ते शिडी चढले.

दुसऱ्या दुपारी मी खुर्ची आणि शेंगांची टोपली घेऊन ओट्याशी गेले. मथुराबाई दारात आल्या. आधी वर पाहिलं, कॅमेऱ्याची पाठ दिसली, तेव्हा कुठे पदर खोचून बसल्या.

"अशा सोलतात काय वं शेंगा? कालेजात हेच शिकली?"

मला हसू आलं. तेवढ्यात मैत्रीनं फाटकाला हात लावला.

"ए मैत्रे! कुठी चालली वं?"

त्या आवाजानं तीन-चार दारांतून डोकी बाहेर आली. मैत्रीनं फाटक सोडलं आणि टोपलीतली एक शेंग पळवली.