पहिली जुडी घरची

वाशीमहून अनसिंगकडे निघालं, की शेवटची दुकानं संपता संपता रस्त्याच्या अंगाला हौसाबाईचं वावर लागतं. फार मोठं नाही, पण बारमाही हिरवं. मेथी, पालक, चवळी, दोडकी, कोथिंबीर. वाशीमच्या भाजीबाजारात या घरच्या मालाला नाव आहे. तांबडं फुटायच्या आत हौसाबाईचा मुलगा गजेंद्र आणि सून उज्ज्वला जुड्या बांधून कॅरेट भरतात, गजेंद्र ते मोटारसायकलला लादतो आणि माल बाजारात पोचतो. मग हे घर जेवायला बसायचं ते कशाशी? तर बटाट्याच्या रश्श्याशी! वर तेलाची बोटभर तर्री, आणि बाजारातून येताना गजेंद्रने आणलेला शेव-चिवडा, लेकरांपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या ताटात.

हसू नका. तो त्या घराचा नियम होता. हौसाबाईचा नवरा हिरालाल, त्याला जाऊन आता काही वर्षं झाली, तो म्हणायचा की माल म्हणजे लक्ष्मी. बाजार दाखवल्याशिवाय घरच्यांनी तिला तोंड लावू नये, उरलं तर खावं. आता चांगला माल उरतो कधी? उरायचं ते पिवळं नि किडकं, आणि ते गाईपुढे जायचं. त्या घरात गाय तेवढी ठणठणीत होती.

बाकी माणसांचं काय सांगावं! हौसाबाई खाटेवर बसली की उठवायला दोघं लागायचे. पण तिला कोणी काही म्हणत नसे, उलट कौतुकच व्हायचं. खात्यापित्या घरची बाई आहे म्हणायचे. हीच बाई ऐन उमेदीत डोक्यावर टोपलं घेऊन वाशीमच्या गल्ल्यांमधून दारोदार भाजी विकायची, तेव्हा वाऱ्यासारखी चालायची. पुढे मोटारसायकल आली, टोपलं माळ्यावर गेलं. ठिबक आलं, पाणी द्यायला वाफ्यावाफ्यातून फिरणं गेलं. हातापायाचं काम कमी झालं आणि ताटातलं मात्र वाढत गेलं. गजेंद्रचंही पोट शर्टाच्या गुंड्या ताणू लागलं होतं, आणि आईला त्याचं समाधान वाटायचं.

दवाखान्यात हौसाबाईला शुगर निघाली, तेव्हा वजन कमी करा असं सांगितलं होतं. तिने त्यावर उपाय काढला उपासांचा. सोमवार झाला, चतुर्थी झाली, एकादशी झाली. आणि उपास म्हणजे तरी काय? साबुदाण्याची उसळ, तळलेले बटाटे, शेंगदाण्याचे लाडू आणि दिवसभर गोड चहा. आज पोटात काहीच नाही, असं म्हणत ती पाठ टेकायची. वजन उतरत नाही म्हणून देवाला दोष द्यायची, आणि पुढच्या आठवड्यात आणखी एक उपास धरायची.

अशात एकदा मेथीच्या वाफ्यातून ती अनवाणी घरात आली आणि फरशीवर रक्ताचे ठसे उमटले. उज्ज्वला घाबरली. पाहते तर सासूच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मुळापर्यंत रुतलेला. हौसाबाईला पत्ताच नव्हता.

“मले काईच दुखत नाही वं,” ती कौतुकाने म्हणाली. “जुनं हाड हाये हे. तुमच्यावानी नाजूक नाही.”

सगळे हसले. आणि हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं! पाय दुखत नाही हाच रोग होता. शुगरने पायाची जाणीव मेली होती. जखम चिघळली, आणि अंगठा काढावा लागला.

डॉक्टरांनी गजेंद्र आणि उज्ज्वलाला समोर बसवून नीट सांगितलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. गोड, तळलेलं बंद. तेल अर्धं करा, ताटात आधी भाजी वाढा, मग भाकरी. जखम भरेपर्यंत पायावर भार नको, खाटेवर बसूनच हातपाय हलवायचे. भरली की मऊ चप्पल घालून रोज चालवा. हे केलं नाही तर पुढच्या वेळी अंगठ्यावर भागणार नाही, असंही ते स्पष्ट बोलले.

दुसऱ्या दिवशी पहाटे उज्ज्वलाने त्या घरात आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. कॅरेट भरण्याआधी मेथीची ताजी जुडी उचलून पदरात ठेवली. बोहनीच्या आधी? गजेंद्रचा चेहरा उतरला, पण आईचा पाय डोळ्यांसमोर होता म्हणून तो काही बोलला नाही. त्या दिवशी मुगाची डाळ घालून मेथी झाली, सोबत ज्वारीची भाकरी, काकडी, पातळ ताक. चहातली साखर गेली तेव्हा हौसाबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही. पण सून मागे हटली नाही. जखम भरल्यावर रोज दिवस कलता कलता ती सासूचा हात धरून तिला बांधावरून फिरवू लागली. आधी विहिरीपर्यंत, मग पार रस्त्यापर्यंत. हळूहळू हौसाबाईचं पोलकं ढिलं झालं. खाटेवरून ती आपली आपण उठू लागली. शुगर उतरली. एकदा तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणाली की आता टोपलं घेऊन वाशीमले जातो का नाही पाहा!

गोष्ट इथेच थांबली असती तर किती बरं झालं असतं. पण मंडळी, आपण माणसं एकमेकांना सुखाने बरं होऊ देत नाही.

सोयाबीन निघालं, लोक मोकळे झाले आणि भेटायला येणं सुरू झालं. आपल्याकडे आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. हातात बिस्किटाचा पुडा हवाच. पुडा फोडायचा, आजाऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्याच्यासोबत गोड चहा प्यायचा, म्हणजे भेट पुरी झाली. नाही म्हटलं तर अपमान. उज्ज्वला आधी पुडे बाजूला ठेवायची, सासूला बिनसाखरेचा चहा द्यायची. पुडे घेऊन आलेल्या शेजारच्या ललिताबाईने ते पाहिलं आणि चार घरी सांगितलं की हौसाबाईची सून सासूले गुरावानी पाला खाऊ घालून राह्यली, अन वरून दुखऱ्या पायानं वावरात फिरवते.

त्यात केनवडहून हौसाबाईचा थोरला भाऊ भिवाजी आला. प्रेमळ माणूस. बहिणीसाठी गरम जिलेबी घेऊन आला होता आणि स्वतःच्या हाताने भरवत होता. उज्ज्वलाने डॉक्टरांचं सांगणं हळूच त्याच्या कानावर घातलं. भिवाजीचा हात थांबला.

“आमच्या बहिनीले तू घास मोजून देतं का वं?” तो म्हणाला.

हौसाबाईने मान खाली घातली, पण बोलली नाही. जिलेबीचा वास तिच्या नाकात होता. गजेंद्र बायकोला मागच्या दारी घेऊन गेला. “चार लोकायत माही मान खाली घालू नोको,” एवढंच तो म्हणाला.

त्या दिवसापासून उज्ज्वलाने हात आखडता घेतला. तिचं चुकलं का? चुकलं. पण ती तरी किती दिवस एकटी वाईट व्हायला तयार होणार? कॅरेट पुन्हा पहाटे गच्च भरून बाजारात जाऊ लागलं. चहात साखर आली, रश्श्यावर तर्री आली, बांधावरचं फिरणं बंद पडलं. हौसाबाई पुन्हा खाटेवर बसली आणि येणारा-जाणारा म्हणू लागला, आता कशी तब्येत दिसून राह्यली!

थंडी सरता सरता त्याच पायाला टाचेजवळ फोड आला. दुखत नव्हताच, म्हणून कोणी पाहिला नाही. पाहिला तेव्हा पाय काळा पडत चालला होता. अकोल्याला नेलं. तिथे गुडघ्याखालून पाय काढला.

हौसाबाई घरी आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. जेव म्हटलं तर जेवायची, पी म्हटलं तर प्यायची, बोलायची नाही. ज्या बाईने अर्ध्या वाशीमची दारं पायी वाजवली, तिला आता अंगणात जायचं तर मुलाने उचलून न्यावं लागत होतं. एकदाच ती सुनेला म्हणाली की तुमी मले काहून वाचवलं? उज्ज्वला चुलीशी जाऊन रडली. गजेंद्र बाजारात जायचा, यायचा, आईच्या खाटेकडे पाहायचं टाळायचा. आणि भेटायला लोक पुन्हा येऊ लागले. हातात काय? बिस्किटाचे पुडे! फडताळात त्यांची रास झाली. कोणाला लाज वाटली नाही.

एका दुपारी गजेंद्र वावरातून आला आणि आईच्या खाटेजवळ जमिनीवरच जेवायला बसला. मांडी घालता येईना, पोट आडवं येत होतं, म्हणून त्याने पाय पसरले. हौसाबाई त्या वेळी कुशीवर वळलेली होती. तिची नजर मुलाच्या तळपायावर गेली आणि तिथेच राहिली.

“गजू, तुह्या पायाले काय लागलं रे?”

त्याने पाय वळवून पाहिला. टाचेजवळ काटा मोडून आत गेला होता, भोवती रक्त सुकलं होतं. केव्हा लागला ते त्याला ठाऊक नव्हतं.

“दुखत नाही?”

“काईच नाही,” तो म्हणाला आणि घास तोंडाकडे नेला.

हौसाबाईने खाटेवरून हात लांब करून तो घास खाली पाडला. मग तिने असा हंबरडा फोडला, की उज्ज्वला मागच्या दारातून धावत आली. पाय कापला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

“असंच म्या म्हटलं होतं,” ती म्हणाली. “काईच दुखत नाही, असंच. आठवते का? अन आपन हसलो होतो.”

गजेंद्र काही तरी पुटपुटला. आपण दिवसभर कष्टाचं काम करतो, आपल्याला असलं काही होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

“कोनते कष्ट? मोटारसायकलवर बसतो ते? ठिबकच्या नयाचं चाक फिरवतो ते? तुहा बाप सकायपासून वाफ्यात वाकलेला राह्ये. तू त्याचा नेम तेवढा घेतला, त्याची मेहनत नाही घेतली. सोन्यासारखी भाजी लोकायले इकतो अन घरात शेव आनतो. लक्ष्मी बाजारात पाठवतो अन रोग घरी आनतो. कोन्या लक्ष्मीनं सांगतलं हे?”

तिला दम लागला. उज्ज्वलाने पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. सुनेचा हात मात्र धरून ठेवला.

“माह्या भावानं जिलेबी आनली ते मायेनं आनली. ललिताबाईनं पुडे आनले ते बी मायेनं. तू शेव आनला, मायेनंच. समद्यायच्या मायेनं माहा पाय खाल्ला, बाप्पा. ही एकटी माह्याशी दुश्मनावानी वागली, अन हीच माही माय होती. म्या त्या दिवशी भावासमोर एक शब्द बोलली असती तं आज माह्या पायावर उभी असती. नाही बोलली. जिलेबी गोड लागत होती मले.”

गजेंद्रने ताट सरकवून ठेवलं होतं.

“आता म्या कितीही पालक खाल्ला तरी हा पाय येत नाही. मले समजावू नोको. पन तुहे दोन हायेत अजून.”

त्याच दिवशी उज्ज्वला त्याला दवाखान्यात घेऊन गेली. काटा निघाला, रक्त तपासलं. शुगर निघाली, आणि बरीच निघाली. गजेंद्र दवाखान्याच्या बाकावर डोकं धरून बसला. आपल्या मागून आपल्या लेकरांचेही पाय याच वाटेने जाणार, असं त्याला दिसू लागलं. तो बायकोला म्हणाला, “तुह्यावर बोललो होतो मी. चुकलो.” उज्ज्वलाने ऐकलं. तुमचं चुकलं नाही, असं ती म्हणाली नाही.

एका दिवसात कोणी बारीक होत नाही. गजेंद्रही झाला नाही. बाजारात भज्यांचा वास आला की तो अजून चुळबुळतो, आणि एखाद्या दिवशी हरतोही. पण त्या घरातला रस्सा आता तर्रीशिवाय होतो. उपास असला तर हौसाबाई साबुदाण्याला हात लावत नाही. भिवाजी परत आला तेव्हा तिने जिलेबीची पिशवी त्याच्याच हातात परत दिली आणि म्हणाली, “दादा, आनायचंच असन तं केनवडची ज्वारी आनजो.” भिवाजीला राग आला नाही. तो बहिणीच्या गुडघ्याखाली रिकाम्या पडलेल्या लुगड्याकडे पाहून पोरासारखा रडला.

वाचकहो, आपल्या घरात डोकावून पाहा. चांगलं आहे ते पाहुण्याला, बाजाराला, दिखाव्याला. आणि घरच्या जिवाला काय, तर साखर आणि तेल. कोणी आवरू पाहिलं की आपणच त्याला कंजूष म्हणतो, निर्दयी म्हणतो. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा पुडा नेऊ नका. त्याचा हात धरून त्याला चार पावलं चालवून आणा. आणि घरात कोणी तुमच्या ताटावर नजर ठेवत असेल, तर त्याचं ऐका. आग्रह करणारे पुष्कळ मिळतात, नाही म्हणणारं एखादंच असतं.

आता पहाटे गजेंद्र आईला उचलून बांधावरच्या खाटेवर आणून बसवतो. मेथीची पहिली जुडी तिच्या मांडीवर ठेवतो, ती घरची. मग मोटारसायकलला हात लावण्याआधी तो जोडे घालून बांधाबांधाने चालायला निघतो.

“माह्या वाटनीचं बी चालून येजो,” ती रोज म्हणते.

तो विहिरीवरून वळून रस्त्यापर्यंत जातो, तोवर हौसाबाई जुडी निवडत बसते. तो परतला की आधी त्याला जोडे काढायला लावते, आणि त्याचे दोन्ही तळपाय हाताने चाचपून पाहते.