उल्कावीरच्या पाठीवरची चेन

भावावर सूड उगवायचा, हे मी सिनेमागृहात बसल्या बसल्या ठरवलं. सिनेमा संपला होता आणि पडद्यावर नावं वर सरकत होती. त्यांत शेवटी शेवटी, बारीक अक्षरांत, शिवणकामाखाली माझं नाव येणार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच. आईला मी मुद्दाम लांबचा चष्मा लावून बसवलं होतं. आणि नेमके तेव्हाच आमचे बंधुराज, माझ्याच पासवर फुकट आलेले, समोरच्या रांगेतून उठले, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि मोबाइल उंच धरून आपल्या चॅनेलसाठी स्वतःचा संतापलेला चेहरा टिपू लागले. माझं नाव त्यांच्या डोक्यामागून वर आलं आणि डोक्यामागेच गेलं.

"आलं का गं?" आईने विचारलं. "मला नुसते त्याचे केसच दिसले."

सिनेमा होता उल्कावीरचा. उल्कावीरचे कॉमिक्स वाचत आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो. मी मोठी झाले, तो नुसता वाढला. माझ्या शिवणाच्या खोलीत अजूनही एक अख्खी भिंत त्याच्या कॉमिक्सनी अडवलेली आहे, प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, आणि तिथे इस्त्री ठेवायची मला बंदी आहे. का, तर वाफेने पानं फुगतात. आता सिनेमा निघाला म्हटल्यावर त्याच्यासारख्या चाहत्यांच्या अंगात आलं होतं. सिनेमावाल्यांनी एक बटण जरी इकडचं तिकडे केलं असतं, तरी ते जीव द्यायला नाहीतर घ्यायला तयार होते.

त्याच रात्री त्याने व्हिडिओ टाकला. कथा बरी आहे म्हणाला, मारामारी बरी आहे म्हणाला, आणि मग पोशाखावर घसरला. नायकाची पाठ मोठी करून दाखवली. "ही बघा. चेन! उल्कावीरच्या पाठीवर चेन! कॉमिक्समध्ये त्याच्या अंगावर एक शिवण तरी दिसते का? आणि काखेत हा तुकडा कसला जोडलाय? पडद्याचं कापड उरलं होतं वाटतं!" असं म्हणून तो खो खो हसला. ती चेन मी लावली होती. काखेतला तो चौकोनी तुकडाही माझाच. तो नसता तर नायकाला हात खांद्याच्या वर नेता आला नसता, आणि दोन्ही मुठी डोक्यावर जुळवल्याशिवाय तर उल्कावीर उडतच नाही. चेन नसती तर बिचाऱ्याला दिवसभर लघवीला जाता आलं नसतं. पण हे कोणाला सांगणार?

व्हिडिओ तुफान चालला. चाहते तुटून पडले. कोणी नायकाला रेनकोट म्हणालं, कोणी बॅगेचं कव्हर. एकाने खाली लिहिलं, 'ज्याने हे शिवलंय त्याचे हात तोडा.' त्या वाक्याला माझ्या सख्ख्या भावाने बदाम दिला होता. लालभडक बदाम.

सकाळी मी त्याला जाब विचारला. "तुला माहीत होतं ना मी शिवलाय ते?"

"ताई, मी तुझ्याबद्दल एक अक्षर बोललो का?" तो दात घासता घासता म्हणाला. "मी पोशाखाबद्दल बोललो. तू उगाच अंगाला लावून घेतेस."

आईने लगेच मधे तोंड घातलं. "जाऊ दे गं. त्याचं नाव होतंय तर होऊ दे. धाकटा आहे तुझा."

धाकटा! तिशी उलटलेला घोडा.

महिना झाला नसेल, तर कंपनीने जाहीर केलं की चाहत्यांच्या भावना लक्षात घेऊन दुसऱ्या भागातला पोशाख नव्याने होईल. म्हणजे आमच्या वर्कशॉपला नारळ. आमच्या मोठ्या बाई, ज्यांनी मला सुई धरण्यापासून शिकवलं, त्या उल्कावीरचे कपडे चढवायचा पुतळा कापडाने झाकून घरी निघून गेल्या. मी त्या पुतळ्याशेजारी बसून रडले. मग डोळे पुसले, आणि जे ठरवलं होतं ते आणखी पक्कं ठरवलं.

संधी बंधुराजांनीच आणून दिली. एक दिवस ते माझ्या मशीनशेजारी येऊन गोड आवाजात म्हणाले, "ताई, किती दमतेस गं तू." तेव्हाच मी ओळखलं की याला काहीतरी शिवून हवंय.

कंपनीने चाहत्यांचा मेळावा भरवला होता. त्यात पोशाखाची स्पर्धा. ज्याचा पोशाख कॉमिक्सशी सगळ्यांत जास्त जुळेल, त्याचा काचेच्या कपाटात कायमचा ठेवणार, आणि जिंकणाऱ्याला दुसऱ्या भागाच्या पोशाखासाठी सल्लागार म्हणून घेणार. पगारी. आमची जागा घालवून तीच जागा ते टाळ्यांवर वाटायला निघाले होते.

"शिवते," मी म्हटलं, "पण एका अटीवर. स्टेजवर विचारलं की सांगायचं, हा माझ्या ताईने शिवला. आणि सिनेमातलाही तिनेच शिवला होता."

"अगं, हे काय सांगणं झालं? आईशप्पथ सांगेन."

"मग चेन कुठे लावू?"

तो दचकला. "चेन? वेडी आहेस का? एकसुद्धा शिवण दिसता कामा नये. चेन नाही, हूक नाही, काखेत तो तुकडा नाही. चित्रात आहे तस्सा."

"चित्रातला माणूस बसत नाही रे."

"ताई, तू फक्त शीव."

मी फक्त शिवला. माझं सगळं कसब ओतून शिवला. रंग जुळेपर्यंत तीनदा कापड परत केलं. खांद्यांवरचा झगा असा पडायचा की वारा नसतानाही हललासा वाटावा. पुतळ्यावर चढवला तेव्हा माझाच राग क्षणभर निवळला, इतका तो देखणा झाला होता. आणि तो इतका तंतोतंत चित्रासारखा होता, की आत जिवंत माणूस गेला तर त्याला कोपर कमरेपासून वीतभरही हलवता येणार नव्हतं. माझा बेत साधा होता. स्टेजवर लोक म्हणणार, हात वर कर. याचे हात वर होणार नाहीत. ज्या चाहत्यांना याने माझ्यावर सोडलं, तेच याच्यावर तुटून पडतील. मग मी पुढे होईन, पिशवीतून कात्री काढीन आणि त्याला मोकळा करीन. मोकळा करायचा होताच. शेवटी भाऊच तो.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी, स्टेजमागच्या खोलीत, मी त्याला उभ्या उभ्या पोशाखात शिवलं. हो, अंगावरच. पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत साखळी टाक्याने घातली आणि टाके आत दडवले. हा टाका मोठा गमतीचा. योग्य टोक सापडलं आणि ओढलं की सरसर सुटत जातो. दुसरं टोक ओढलं की आवळतो.

"पाणी पिऊ नकोस," मी बजावलं.

"आत्ताच बाटलीभर प्यायलो. घसा कोरडा पडला होता."

"मग देव तुझं भलं करो. आणि कोणाला कात्री लावू देऊ नकोस, कापड चरचर फाटत जाईल आणि काचेच्या कपाटात चिंध्या लागतील. मी येईन सोडवायला."

"तू असशीलच ना," तो म्हणाला. इतक्या खात्रीने म्हणाला, की मला लहानपणचा तो आठवला. शाळेच्या नाटकासाठी मी त्याला जुन्या पडद्याचा झगा शिवून दिला होता, आणि तो रात्री काढायलाच तयार नव्हता. माझं मन जरा पाघळलं, हे मी नाकारत नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. मी दुसऱ्या रांगेत बसले, पिशवी मांडीवर. शेजारी एक बाई होत्या, गालावर उल्का रंगवलेल्या. एकामागून एक उल्कावीर येऊन गेले, कोणी सुटलेल्या पोटाचा, कोणी पुठ्ठ्याच्या पट्ट्याचा. लोक प्रत्येकाला हसत होते, शिट्ट्या मारत होते. मग आमचे बंधुराज आले आणि सभागृह गप्प झालं. शेजारच्या बाईंनी माझा दंड धरला. "अगबाई, हा तर पानातून उठून आलाय!" माझ्या शिवणकामाला आजवर कोणी असं काही म्हटलं नव्हतं.

सूत्रसंचालक पुढे आला. "उल्कावीर, हात वर! एक उड्डाण होऊन जाऊ दे!"

लोक ओरडू लागले, हात वर, हात वर. मी पिशवीत हात घालून कात्री चाचपली. बंधुराजांचे खांदे हलले. कोपरं हलली नाहीत. कपाळावर घाम दिसायला लागला. आता, मी मनात म्हटलं, आता फजिती.

त्याने हनुवटी वर केली. "उल्कावीर," तो खर्जात म्हणाला, "हुकमाने हात वर करत नाही."

सभागृह नुसतं पेटलं. लोक खुर्च्यांवर चढले. मी कपाळाला हात लावला. हा मेला कुठेही टाका, मांजरासारखा चार पायांवरच पडतो.

"आणि हा पोशाख?" सूत्रसंचालकाने माइक त्याच्या तोंडाशी नेला. "असा पोशाख शिवला कोणी?"

हातांचं सोडून दिलं मी. वाटलं, ते राहू दे, एवढं एक सांग. तुझ्या डोक्यामागे गेलेलं माझं नाव या एवढ्या लोकांत एकदा घे, मी सगळं विसरते. त्याने माझ्याकडे पाहिलं. सरळ पाहिलं. नंतर काचेच्या रिकाम्या कपाटाकडे पाहिलं.

"मी स्वतः," तो म्हणाला. "रात्रंदिवस खपून."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. "याला म्हणतात चाहता. नाहीतर सिनेमातले ते शिंपी, हातच तोडायला हवेत मेल्यांचे."

मी पिशवी खांद्याला लावली. "जरा वाट द्या," त्यांना म्हटलं आणि बाहेर पडले. कोणावर ओरडले नाही, दार आपटलं नाही. कात्री पिशवीत, टोक कुठे दडवलंय ते माझ्या डोक्यात, आणि मी घरी.

घरी येऊन चहा टाकला. इस्त्री काढली आणि त्याच्या कॉमिक्सच्या भिंतीला टेकून ठेवली, चांगली वाफ सोडत. आईने विचारलं, "तो कुठाय?" मी म्हटलं, "जिंकला. कौतुक चाललंय." चहा संपायच्या आत फोन आला. मेळाव्यात काम करणारी कोणी मुलगी होती, घाबरलेली. मागे बंधुराजांचा आवाज येत होता, "ताईला सांगा लवकर! सांगा तिला!"

"तुमच्या भावाला पोशाख काढायचाय," मुलगी म्हणाली. "त्यांना... जायचंय. आम्ही मागून एक दोरा ओढून बघितला, तर आणखीनच घट्ट झालं. कात्री ते लावू देत नाहीत."

"ज्याने शिवलाय त्याला विचारा ना, टोक कुठे आहे ते."

"त्यांनीच शिवलाय ना?"

"मग अडलंय कुठे?"

फोनवर खुसपूस झाली. आई कप धरून माझ्याकडे बघत राहिली. मग त्याचाच आवाज आला, कोणीतरी फोन त्याच्या कानाला लावला असणार. "ताई, पाया पडतो तुझ्या. ये ना गं."

"लोक आहेत का अजून सभागृहात?"

"आहेत. फोटोसाठी थांबलेत. ताई, प्लीज."

"आणि माइक?"

मला वाटलं, फोन ठेवणार. पण बाटलीभर पाणी कोणाचं ऐकतंय? जरा वेळाने फोनमधून जड पावलांचा आवाज आला, मग माइकची किर्र. "हा पोशाख..." तो म्हणाला. "हा पोशाख मी शिवलेला नाही. माझ्या ताईने शिवला. सिनेमातलाही तिनेच." आणि त्याने माझं नाव घेतलं, आडनावासकट.

"चेन," मी फोनमध्ये म्हटलं. "चेनचं राहिलं."

त्या मुलीने त्याला सांगितलं असावं. "आणि पाठीवर चेन असते," माइकमधून रडवेला आवाज आला, "ती माणसाला बाथरूमला जाता यावं म्हणून असते."

मग जो गदारोळ उठला, तो मला घरबसल्या ऐकू आला. खोटारडा, म्हणत होते. काढा त्याला बाहेर. शिट्ट्या, हसणं. मोबाइल कितीजणांनी उंच धरले असतील ते मी न बघताच सांगू शकते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"आवाज कसला गं?" आई म्हणाली. "नाव घेतलं ना त्याने तुझं?"

"घेतलं. ऐकलंस?"

"ऐकलं." तिने कप खाली ठेवला. "आता तरी जा बाई. धाकटा आहे तुझा."

"जाते तर," मी म्हटलं आणि फोनवरही सांगितलं, "निघाले म्हणावं. तोवर कोणी दोऱ्याला हात लावू नका."

पिशवीत कात्री आहे ना ते पाहिलं, चपला घातल्या आणि खाली आले. कोपऱ्यावर बस नुकतीच येऊन थांबली होती, तिकडेच जाणारी. दार उघडलं. ड्रायव्हरने मान वाकवून विचारलं, "येताय ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे. मी चालतच जाणार आहे."