सुताराच्या स्वयंपाकघरातली तिसरी खुर्ची

सुताराची बायको गेली त्याला तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत देव सदैव त्याच्यासोबत आहे, असं त्याला चौदा जणांनी येऊन सांगितलं. त्यातला एकही जण वीस मिनिटांच्या वर त्याच्यासोबत थांबला नाही.

हे तो उगीच म्हणत नव्हता. कामाच्या खोलीतलं घड्याळ दाराच्या वर होतं आणि येणारा माणूस नेमका त्याच्या खाली उभा राहायचा, त्यामुळे नजर आपोआप तिकडे जायची. चर्चमध्ये सांत्वन समिती होती. समितीच्या सेक्रेटरीने वहीच घातली होती. कोणी कोणत्या दिवशी जायचं, कोणती गोष्ट सांगायची, सगळं त्यात लिहिलेलं. माणूस यायचा, पवित्र शास्त्र उघडायचा, डोळे मिटून प्रार्थना करायचा आणि 'बंधू, तुम्ही एकटे नाही आहात' असं म्हणून त्याला एकटा सोडून जायचा. वहीत काहीतरी घोटाळा झाला असावा, कारण सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानिएलाची गोष्ट त्याला पाच वेळा ऐकावी लागली. पाचव्या वेळी त्याच्या मनात आलं, दानिएलाला निदान सिंह तरी सोबतीला होते.

जेवण तो कामाच्या मेजाशी उभ्या उभ्या उरकायचा. पाव, उकडलेलं अंडं, रंध्याच्या बाजूला मिठाची पुडी. स्वयंपाकघरात पाय ठेवायचा तो फक्त पाणी घ्यायला. तिथे टेबल होतं आणि टेबलाला तीन खुर्च्या होत्या. एक त्याची, एक तिची. तिसरी देवाची.

हे देवाचं खूळ तिचं. ती रविवारी चर्चमध्ये मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची, आणि मुलांना सांगितलेली गोष्ट घरी येऊन पाळायची, एवढी ती सरळ होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने त्याला अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांची गोष्ट सांगितली. येशू मेला म्हणून ते दोघे तोंड पाडून चालले होते, वाटेत एक अनोळखी माणूस सोबत आला, त्यांनी त्याला जेवायला ठेवून घेतलं, त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांना कळलं की हा तर तोच. आणि कळल्याबरोबर तो दिसेनासा झाला. सुतार म्हणाला, म्हणजे जेवायला बोलावलेला पाहुणा भरल्या पानावरून उठून गेला. ती म्हणाली, गेला नाही, दिसेनासा झाला. आपणही दोघंच आहोत, तेव्हा तिसरी खुर्ची कर.

त्याने केली. घाईत केली. मागचा डावा पाय नीट बसला नाही आणि खुर्ची डुगडुगू लागली. तिने पायाखाली कागदाची घडी सरकवली आणि म्हणाली, हा पाय दुरुस्त कर. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात. गिऱ्हाईक कोणीही असो, सुताराच्या तोंडात हे एकच उत्तर असतं. असे एकतीस वर्षांचे पुढचे आठवडे गेले. मधूनमधून ती आठवण करायची आणि तो टोमणा मारायचा. तुझा पाहुणा स्वतः सुताराच्या घरात वाढलेला, आमच्याच धंद्यातला माणूस, एवढी वर्षं या खुर्चीवर बसतोय, पण एकदाही म्हणाला नाही की पाय हलतोय. तक्रार त्याची नाही, मग तुझी का? ती हसायची आणि कागदाची घडी बदलायची.

दिवसभर तो अंगणापलीकडे कामाच्या खोलीत असायचा. घरात ती एकटी. कोणाशी बोलतेस गं एवढी, असं त्याने कधी विचारलं तर खुर्चीकडे बोट दाखवायची. रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारणारी बायको आपल्या नशिबी आली, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि लोक हसायचे. तीही हसायची.

ही खुर्चीची गोष्ट दफनाच्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीने रडता रडता पाळकसाहेबांना सांगितली. मेहुणी लाँड्रीत इस्त्री करायची आणि बोलताना हातचं राखायची नाही. पाळकसाहेबांनी त्यावर दोन उपदेश केले. आणि चौथ्या आठवड्यात, सोमवारी, ते स्वतः सेक्रेटरीला घेऊन सुताराकडे आले.

काम असं होतं, की ती खुर्ची चर्चमध्ये ठेवायची. वेदीच्या डाव्या बाजूला, पितळी पट्टी लावून. देवाच्या अखंड उपस्थितीची साक्ष म्हणून. रविवारी समर्पण, लोक ओळीने येऊन तिच्यासमोर प्रार्थना करतील. सेक्रेटरीने पट्टीवरचा मजकूर वाचूनही दाखवला. त्यात सुताराचं नाव नव्हतं, सेक्रेटरीचं होतं.

जिची एकतीस वर्षं टिंगल केली, ती खुर्ची घरातून जाणार म्हटल्यावर सुताराला असं वाटलं, की कोणी बायकोला दुसऱ्यांदा उचलून न्यायला आलं आहे. पण हे पाळकाला कसं सांगायचं? त्याने रंधा हातात घेतला आणि विचारलं, देव सगळीकडे आहे ना? पाळकसाहेब म्हणाले, अर्थात. मग चर्चमध्ये तो आधीपासून असणारच, सुतार म्हणाला, त्याला बसायला माझ्याच घरची खुर्ची कशाला हवी?

पाळकसाहेब हसले. "बंधू, त्याला नको हो. लोकांना हवी. माणसाच्या डोळ्यांना काहीतरी लागतं."

सुतार सवयीने म्हणाला, पुढच्या आठवड्यात देतो. पण पाळकसाहेबांनी घरी कपाट करून घेतलं होतं, त्यांना सुतार ठाऊक होते. रविवारी सकाळी साडेनऊला चार माणसं येतील, असं सांगून ते उठले. अकरा मिनिटं.

त्याच संध्याकाळी सुताराने भिंतीवरचा त्या खुर्चीचा जुना फर्मा काढला, त्याच जातीचं लाकूड निवडलं आणि दुसरी खुर्ची करायला घेतली. पाप लागेल का, हा विचार त्याने केला. पण डोळ्यांना काहीतरी हवं आहे ना, मग डोळ्यांना देऊ, असं ठरवून पुढे गेला. लाकडाला चहाचं पाणी लावून म्हातारपण आणलं. कडा काचेच्या तुकड्याने घासून बोथट केल्या. शनिवारी दुपारी पॉलिशचा शेवटचा हात दिला. फक्त एक गोष्ट त्याच्याने झाली नाही. पाय मुद्दाम डुगडुगता बसवायला हात धजावला नाही. तिशीत घाईने चूक झाली ती झाली. साठीत जाणूनबुजून वाकडं काम कोण करणार?

रविवारी चार जणांनी ती नवी खुर्ची शवपेटी न्यावी तशी खांद्यावरून नेली. खरी खुर्ची स्वयंपाकघरात होती आणि स्वयंपाकघराला कुलूप होतं.

चर्चमध्ये मग सहा दिवसांच्या खुर्चीपुढे साक्षी सुरू झाल्या. एक बाई म्हणाल्या, जवळ गेल्याबरोबर अंगावर शहारा आला. एका गृहस्थांना लाकडातून ऊब येताना जाणवली. सेक्रेटरीच्या बायकोने गुडघे टेकले, बैठकीवर डोकं ठेवलं आणि सांगितलं, की या लाकडाला आपल्या टीचरबाईंच्या हातांचा वास आहे. तो पॉलिशचा वास होता. त्या उठल्या तेव्हा शालीचं टोक बैठकीला चिकटून आलं, आणि त्या म्हणाल्या, प्रभू मला सोडत नाहीये. सुतार मागच्या बाकावर बसून दातांत ओठ धरत होता. आयुष्यात एवढी चांगली टिंगल त्याला कधी जमली नव्हती. वाईट एवढंच, की घरी जाऊन सांगायला कोणी नव्हतं.

शेवटी म्हातारा पोस्टमन आला. कधीच निवृत्त झालेला, बायको नाही, मूल नाही. सांत्वन समितीच्या वहीत त्याचं नाव नव्हतं, कारण त्याच्या घरी मरायलाच कोणी उरलं नव्हतं. त्याने साक्ष दिली नाही, गुडघे टेकले नाहीत. मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ उभा राहिला, आणि डोळे पुसत जागेवर गेला.

सुताराचं हसू तिथेच वाळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मेहुणी आली. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात सेक्रेटरीच्या बायकोची शाल. शाल तिने कामाच्या मेजावर टाकली. टोकाला तपकिरी डाग होता.

"दाजी, हा डाग देवाचा आहे की तुमचा?"

उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, मला कालच चर्चमध्ये कळलं होतं, खुर्ची खाली ठेवली तर सरळ उभी राहिली. ताईची खुर्ची सरळ उभी राहीलच कशी? मग त्याने सगळं सांगून टाकलं, पोस्टमनचंही. उद्या जाऊन पाळकाला खरं सांगावं म्हणतो, असंही म्हणाला. पण मग त्या म्हाताऱ्याने हात ठेवला ते कशावर, हे कोडं त्याला काही सुटत नव्हतं. मेहुणी म्हणाली, पाळकाला सांगायचं तर सांगा, माझी ना नाही. पण आधी घरातल्या खुर्चीचा पाय बसवा. ताई बिचारी सांगून सांगून गेली.

कुलूप काढलं. महिन्याभरात पहिल्यांदाच तो त्या टेबलाजवळ थांबला. खुर्ची उचलून टेबलावर उलटी केली, सरस काढला, सांधा साफ करायला पटाशी लावली. आणि हात थांबला.

पुढच्या दोन पायांमधली आडवी पट्टी मधोमध झिजली होती. दोन गुळगुळीत खळगे, वीतभर अंतरावर. ज्या खुर्चीवर कोणी बसत नाही, तिची पट्टी झिजत नाही. रोज, वर्षानुवर्षं कोणीतरी या पट्टीवर टाचा टेकवून बसत होतं. पाहुणा कितीही मोठा असला, तरी त्याच्या टाचांनी लाकूड झिजल्याचं सुताराच्या ऐकण्यात नव्हतं.

"बस गं जरा हिच्यावर," तो मेहुणीला म्हणाला आणि खुर्ची सरळ केली.

दोघी बहिणी एका चणीच्या, बुटक्या. मेहुणी बसली, पाय जमिनीला पुरेनात, टाचा आपोआप पट्टीवर गेल्या. बरोबर खळग्यांत.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "ताई दिवसभर इथेच बसायची. शिवण, भाजी निवडणं, मुलांच्या गोष्टींची तयारी, सगळं इथेच. मी म्हटलं, देवाच्या जागेवर बसतेस, तो कुठे बसणार? तर म्हणाली, तो सरकून घेतो. इथून सगळं दिसतं म्हणाली."

सुताराने तिला उठवलं आणि स्वतः बसला. खुर्ची डुगडुगली. समोर खिडकी होती. खिडकीतून अंगण, अंगणापलीकडे कामाच्या खोलीचं उघडं दार, आणि दारात चौकटीत बसवल्यासारखं त्याचं कामाचं मेज. दुसरं काही दिसत नव्हतं. मेज, वर लोंबणारा दिवा, आणि मेजामागे त्याची रोज उभं राहायची जागा.

म्हणजे रिकाम्या खुर्चीशी गप्पा नव्हत्याच त्या. ती खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होती, आणि जे काय बोलायचं ते शेजारी सरकून बसलेल्याशी बोलत होती. एकतीस वर्षं दोघांनी मिळून त्याच्यावर नजर ठेवली होती, आणि हा शहाणा लाकूड तासत होता आणि लोकांना हसवत होता.

मेहुणीने पाठ वळवून डबा उघडला आणि ताटल्या शोधण्यात उगीच वेळ काढला.

मग तो उठला. सांधा साफ केला, सरस लावला, पाय ठोकून बसवला आणि दोरीने आवळून बांधला. कागदाची शेवटची घडी खाली पडली होती, ती उचलून खिशात ठेवली. खुर्ची तिच्या जागी, खिडकीसमोर ठेवली. मेहुणीने दोनच ताटल्या मांडल्या होत्या. तिला त्याने बायकोच्या खुर्चीवर बस म्हणून सांगितलं. ती क्षणभर घुटमळली आणि बसली. मग तोही आपल्या खुर्चीवर बसला.

प्रार्थना नेहमी बायको म्हणायची. आता मेहुणी त्याच्याकडे बघत होती. त्याने डोळे मिटले, मग एक उघडून दोरीने बांधलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

"सरस ओला आहे," तो म्हणाला. "सकाळपर्यंत बसायचं नाही. धंद्यातला माणूस आहेस, तुला सांगायला नको. महिनाभर मी उभ्याने जेवलो, आज तू उभा राहा."

आमेन, मेहुणी म्हणाली, आणि त्याच्यापुढे ताटली सरकवली.