तासाभराचं काम

अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांवर गुणाबाईनं जुनं लुगडं पसरलं, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि नवऱ्याला बजावलं, "मोहाचं नाव काढाचं नाई. घरीच बसून राह्यतो म्हना."

हरिदासनं मान डोलावली. लुगडं टाकलं की मोहाचा वासही झाकला जातो, हे या बाईला कोणी सांगितलं कोण जाणे. अख्खं अंगण आंबूस-गोड घमघमत होतं.

सतरा वर्षं तो सावली गावाजवळच्या एका राईस मिलमध्ये बॉयलरवर होता. कोंडा लोटायचा, वाफ सांभाळायची. मिल बंद पडली त्याला आता दीड वर्ष झालं. गावात बातमी होती की, रोजगाराच्या सरकारी सर्व्हेत ज्याच्या नावापुढे 'बेरोजगार' लागेल त्याला नव्या कारखान्यात बोलावणार. बातमी कुठून आली ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. गुणाबाईचा सर्वांत जास्त. तिला एवढंच हवं होतं की नवऱ्यानं पुन्हा जंगलात जाऊ नये. समोरच्या घरचा पत्रू, मिलमध्येही हरिदासचा जोडीदार, सोमवारी त्याच्यासोबत मोह वेचायला गेला होता. त्याला वाघानं नेलं.

सर्व्हेवाली दिव्यानी गडचिरोलीची पोरगी. खाटेवर बसून तिनं टॅब मांडीवर घेतला.

"भाऊ, आधीच सांगते. याच्यातून कोनाले नोकरी भेटत नाई."

"हो जी, हो," गुणाबाई हसून म्हणाली. सरकारी माणूस खरं थोडंच सांगतो!

"मागच्या सात दिवसांत कमाईचं काई काम केलं का? एक तास जरी केलं असन, तं सांगा."

"एका तासाले कोनी काम म्हनते का?" हरिदासनं विचारलं.

"आमच्या फारमात म्हनते. तेवढं केलं तं मानूस बेरोजगार नाई."

"काईच नाई करत ते," गुणाबाई घाईनं म्हणाली. "दिवसभर खाटेवर पडून राह्यतात."

दिव्यानीनं लुगड्याकडे पाहिलं. तिलाही नाक होतं, आणि तिचं बालपणही मोहाच्या वासातच गेलं होतं.

"भाऊ, तुमच्या तोंडून सांगा," ती हळूच म्हणाली. "तुमी नाई म्हना, मी नाई टाकते."

शब्द हरिदासच्या जिभेवर आलाही. समोर पत्रूच्या दारात, जंगलातून परत आणलेली त्याची टोपली सोमवारपासून पालथी पडली होती. त्याच्या बायकोला, सुकरीला, ती उचलून आत न्यायचा धीर होत नव्हता.

"सोमवारी गेल्तो," हरिदास म्हणाला. "मोह वेचाले. मी अन् पत्रू. तासभर झाला असन. तो वाकून वेचत होता. वाकलेल्या मानसाले वाघ जनावर समजते."

"अवो!" गुणाबाई ओरडली. "काऊन सांगता?"

"मंग काय सांगू? आमी काईच नाई करत होतो म्हनलं, तं पत्रू तिथी कायले गेल्ता? फिराले?"

दिव्यानीचं बोट टॅबवर टेकलं आणि हरिदास रोजगारात आला.

"आता शेवटचं," ती मान खाली घालून म्हणाली. "आयुष्यात समाधान किती आहे? शून्य ते दहाच्या मधात सांगा."

हरिदासला बॉयलर आठवला. दुपारी कोंड्याच्या ढिगाला टेकून तो आणि पत्रू एकाच डब्यात जेवायचे.

"मिल चालू होती तवा विचाराले याचं होतं, बाई. आठ म्हनलो असतो."

"आताचं सांगा भाऊ."

"आताचं तुमीच पाहून टाका."

तिनं काहीतरी टाकलं. काय, ते त्यानं विचारलं नाही.

ती गेल्यावर गुणाबाई मोकळेपणानं रडली. नवऱ्याला, वाघाला आणि सर्व्हेला तिनं सारख्याच शिव्या दिल्या. मग लुगडं उचललं. खालचा मोह घामेजला होता, तो तिनं पुन्हा उन्हात पसरला.

दुसऱ्या दिवशी फटफटताच हरिदासनं टोपली उचलली. गुणाबाईनं त्याला अडवलं नाही. तिनं फळीवरचा मिलमधला स्टीलचा डबा काढला, रिकामाच, आणि त्याच्या मागोमाग निघाली.

झाडाखाली तो वाकला. त्याच्याकडे पाठ आणि जंगलाकडे तोंड करून ती उभी राहिली आणि डब्यावर झाकण आपटू लागली. टोपली भरेपर्यंत ती एकदाही वाकली नाही.