मेसच्या खुर्च्या

सार्जंट-मेजर प्रॉथरो यांनी रांगेतल्या पहिल्याच सैनिकाची स्टेनगन ओढून घेतली, उलटी केली आणि नळीखाली बसवलेली लाकडी मूठ नाकाशी नेऊन हुंगली.

"मेण," ते म्हणाले. "आमच्या मेसमधल्या खुर्च्यांना लावतात ते."

रांगेत तिसऱ्या जागी उभ्या असलेल्या प्लमरिजने नजर बुटांवर लावली. काल चहाच्या वेळी सार्जंट लोकांच्या मेसमध्ये प्रॉथरोसाहेब खुर्चीसकट भुईसपाट झाले होते, आणि इंग्लंडातल्या लिंकनशरच्या त्या छावणीने ती बातमी चवीचवीने चघळली होती. खुर्चीच्या पायांना जोडणारी आडवी दांडी जागेवर नव्हती. मग शोधाशोध झाली, तर बहुतेक खुर्च्यांची तीच गत.

खरा दोष बंदुकीचा होता. स्टेन म्हणजे पाण्याच्या नळात स्प्रिंग घालून सरकारने सैनिकाच्या हाती दिलेली थट्टा. पुढे धरायला धड जागा नाही, म्हणून माणूस डावीकडे आडवी निघालेली गोळ्यांची पेटीच धरतो. पेटी हलली की गोळी अडकते, आणि ती निघेपर्यंत जर्मन काही थांबत नाही. हे सगळे छत्रीधारी सैनिक. विमानातून उडी मारून थेट शत्रूच्या अंगणात उतरायचं, मागे ना रणगाडा ना तोफ. प्लमरिज वायकमचा, म्हणजे खुर्च्या करणाऱ्यांच्या गावचा. त्याने मेसच्या दांड्या पळवल्या, कापल्या, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केल्या, उडीच्या वेळी बरगडीत घुसू नयेत म्हणून टोकं गोल केली आणि जीपच्या रबरी नळ्या आवळायच्या पट्ट्यांनी त्या बंदुकांना जखडल्या. एका खुर्चीची एकच दांडी काढली तर खुर्ची तग धरते, असा त्याचा पिढीजात अंदाज होता. त्यात प्रॉथरोसाहेबांचं वजन धरायचं राहून गेलं.

"कुणाचं काम?"

प्रॉथरोंनी रांगेवरून नजर फिरवली.

"ज्याचं असेल त्याची छत्रीधाऱ्यांची लाल टोपी आज उतरणार. जुन्या पलटणीत परत."

प्लमरिजची जुनी पलटण पुरवठ्याची होती. तिथे बटाट्यांची पोती उचलायची. आणि इथले सगळे शनिवारी मोहिमेवर त्याच्याशिवाय उडणार. शेजारी उभ्या ग्रिमशॉने ओठ न हलवता सांगितलं, "तोंड शिवून ठेव."

प्रॉथरो बेरकी होते. त्यांनी मूठ उजेडात धरली.

"अर्थात, ज्यानं केलंय त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. खोक्याचं लाकूड दिसतंय. आणि तासलंय कशानं? दातानं?"

प्लमरिजचे कान लाल झाले.

"ओलंही आहे. आठवड्याभरात तडकणार."

खुर्चीचं लाकूड नाकाने ओळखणारा माणूस त्यालाच खोक्याचं लाकूड म्हणतोय, यातली मेख साऱ्या रांगेला कळली. एकट्या प्लमरिजला कळली नाही.

"बीचचं लाकूड आहे, सर!" तो ओरडला. "पक्कं वाळलेलं बीच! तडकलं तर नाव बदलीन!"

ग्रिमशॉने डोळे मिटून घेतले.

"नाव राहू दे," प्रॉथरो म्हणाले. "जेवण झालं की मेसमध्ये ये. हत्यारं घेऊन."

जेवताना प्लमरिज ताटातले बटाटे नुसते इकडून तिकडे ढकलत होता.

"काय अडलं होतं रे?" ग्रिमशॉ म्हणाला. "दातानं तासलं म्हणाला, म्हणू दे! तुझ्या आजोबांना शिव्या घातल्या होत्या का त्यानं?"

"आजोबांना घातल्या असत्या तर गप्प बसलो असतो."

"आता जा, गयावया कर. खुर्च्या दुरुस्त करून देतो म्हण."

"दांड्या कुठून आणू? तुझी मूठ देतोस?"

ग्रिमशॉने बंदूक हळूच पाठीमागे सरकवली. ते पाहून प्लमरिजला हसूही आलं आणि रडूही. या नगांना सोडून बटाटे उचलायचे, या कल्पनेनेच त्याचा जीव कासावीस झाला.

मेसचं दार लोटलं तेव्हा आधी त्याला वाटलं, आपण चुकीच्या खोलीत आलो. सार्जंट लोक जमिनीवर बसले होते. कुणी किटबॅगवर, एक जण उलट्या बादलीवर. भिंतीशी खुर्च्या पालथ्या पडल्या होत्या, बहुतेकींचे पाय करवतीने कापलेले. आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक स्टेन आणि एक पाय.

"माझी जरा जाड ठेव," बादलीवरचा म्हणाला. "हात मोठा आहे."

"ए, मी आधी आलोय!"

प्लमरिजने प्रॉथरोंकडे पाहिलं. त्यांच्याही हातात एक पाय होता.

"हे चालेल ना?" त्यांनी विचारलं. "दांडीपेक्षा भरीव आहे."

"उत्तम, सर. मलाही पायच हवे होते, पण हिंमत झाली नाही."

"विमानातून उडी मारतो आणि म्हणे हिंमत झाली नाही!"

"सर, माझी टोपी..."

"डोक्यावर आहे ना? मग लाग कामाला. शनिवारी बंदूक अडकली तर शिव्या घालायला तू जवळ हवास."

प्लमरिज खाली बसला. संध्याकाळपर्यंत मेसमध्ये भुशाचा ढीग झाला. शिव्या, विनोद आणि चहा यांना खळ नव्हता. चहा सगळे उभ्यानेच पीत होते. मग कुणीतरी करवत घेऊन उरलेल्या धडक्या खुर्च्यांकडे वळला.

"सर," प्लमरिज म्हणाला, "एखादी ठेवू या का? परत आल्यावर बसायला."

करवत थांबली. बादलीवरचा आपल्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. प्रॉथरोंनी कपातला चहा संपवला.

"एक नको," ते म्हणाले. "दोन ठेव. एकट्याला चहा घशाखाली उतरत नाही."