पट्टीवरचा ठिपका

"वीस," गाडीखालून आकडेमामा म्हणाले.

बाहेर मागच्या चाकाशी त्यांची लेक उकिडवी बसली होती. तिचे हात मनगटाच्या वरपर्यंत काळे झाले होते आणि तिच्या इन्शुरन्स ऑफिसातल्या कोणी तिला या अवतारात पाहिलं असतं तर ओळखलंही नसतं.

"वीस नि अर्धा," मामा पुन्हा म्हणाले. "तू दहाच वेळा फिरवलंस ना चाक?"

"दहाच. मोठ्यानं मोजलं की बाबा. ऐकलं नाही का तुम्ही?"

ऐकलं होतं, तीच तर पंचाईत होती.

आकडेमामा हे नाव त्यांना पंचक्रोशीतल्या ड्रायव्हरांनी दिलं होतं. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा आकडे लावतो की काय. पण मामा आकडा लावत नसत, काढत असत. जुनी गाडी विकत घ्यायची, आणि तिचा मागचा ॲक्सल मूळचा आहे की कुठल्या भंगारातून आणून बसवलाय याचा भरवसा नाही, अशा वेळी माणूस गाडी घेऊन मामांच्या दारात उभा राही. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, किती वेळा फिरतो, तो आकडा. साडेतीन आला तर गाडी सपाटीवर पळणारी, चढावर रडणारी. चारच्या वर गेला तर धावायला मंद, पण चढाला खमकी. झाकण न उघडता, तेलाचा थेंब न सांडता मामा हे सांगत आणि चाळीस वर्षांत त्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. हे सांगताना ते मुळीच लाजत नसत. जे खरं आहे ते सांगायला लाजायचं कशाला?

पद्धत त्यांची स्वतःची होती. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर राहू द्यायचं, गियर न्यूट्रलमध्ये. शाफ्टला सुतळीची गाठ मारायची आणि खाली उताणं पडून गाठीच्या वाटेत बोट धरायचं. बाहेरच्या माणसानं चाक फिरवायचं, दहापर्यंत मोजायचं. गाठ जितक्या वेळा बोटाला लागेल त्याला दहानं भागलं की आकडा हातात. डोळ्यांचं कामच नाही, आणि आता मोतीबिंदू झाल्यावर हे फार सोयीचं झालं होतं.

पण दहाला साडेवीस म्हणजे आकडा दोनच्या आसपास. अशी गाडी जगात कोणी बनवत नाही.

"मामा, काय झालं?" सिस्टरनं वाकून विचारलं. ती डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स होती. सरकारी गाडीनं त्या चढावर दोनदा दगा दिला होता, दुसऱ्या वेळी तर आत बाळंतीण होती. बाळ वाचलं, पण सिस्टरनं त्याच दिवशी ठरवलं, आता स्वतःची गाडी. ही गाडी तिला पसंत होती. विकणारा छातीठोकपणे सांगत होता की ॲक्सल चढाचाच आहे. मात्र दुपारी चारपर्यंत हो की नाही सांगा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असंही म्हणाला होता.

"काही नाही. गाठ सरकली असेल," मामा म्हणाले. "परत फिरव गं."

लेकीनं परत फिरवलं. एक, दोन, तीन. स्पष्ट, एका लयीत, शाळेत पाढे म्हणायची तशी. मामांनी श्वास रोखून बोट धरलं. दहा झाले तेव्हा गाठ वीस वेळा लागून गेली होती आणि पुन्हा अर्ध्या वाटेवर थांबली होती.

मामांची बायको, मामी, जाऊन अकरा महिने झाले होते आणि या अकरा महिन्यांत त्यांनी आकडा काढायचं काम घेतलंच नव्हतं. ब्रेक, क्लच, बारीकसारीक काहीही करत, पण हे नाही. लेक आठ दिवसांची रजा काढून आली होती ती त्यांना घेऊन जायलाच. काल रात्री जेवताना दोघांचं ठरलं होतं, म्हणजे मामांनीच बढाई मारली होती, "उद्या सिस्टरची गाडी येतेय. आकडा चुकला तर तुझ्या हातात किल्ली देतो गॅरेजची. मग ने मला कुठं न्यायचं तिथं."

आता ती किल्ली पॅन्टच्या खिशातून मांडीला टोचत होती.

लेक खाली वाकली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, आणि ते मामांना जास्त लागलं. "बाबा, राहू दे आता. या बाहेर. सिस्टरना सांगू, दुसरीकडे दाखवा म्हणून. त्यात काय एवढं?"

"गप बस जरा."

"चिडू नका. वय होतंच माणसाचं."

मामांच्या पाठीखालची फरशी गार होती. याच जागी ते आयुष्यभर पडले होते आणि बाहेर, लेक बसली होती तिथे, मामी बसायची. पदर खोचून, केसांना तेल लागू नये म्हणून डोक्याला जुना टॉवेल गुंडाळून. तिची मोजणी भारी संथ. एक झाल्यावर दोन म्हणायला इतका वेळ लावी की मामा खालून ओरडत, "अगं, हात चालव की, डोळा लागेल माझा इथं!" मग वरून ठरलेलं उत्तर येई, "तुमचं तुम्ही मोजा, माझं मी मोजते."

गिऱ्हाईक हसे. मामाही हसत. चारचौघांत ते म्हणतसुद्धा, आमच्या हिला चाक फिरवण्यापलीकडे यातलं काही कळत नाही.

एक. मग केवढा तरी वेळ. मग दोन.

मामांनी डोळे मिटले. एक चाक जमिनीला घट्ट टेकलेलं असलं की जॅकवर उचललेल्या चाकाला त्याच्याही वाटणीचं फिरावं लागतं. दोन फेरे होतील तेव्हा हिशेबातला एक. शिकाऊ पोराला ठाऊक असणारी गोष्ट. मामांनाही ठाऊक होती, आणि लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी ती मामीला सांगितली होती, एकदाच, घाईघाईत, जॅक लावता लावता. त्यानंतर चाळीस वर्षं ती दोन फेरे फिरवून एक म्हणत आली आणि मामा दहाचे दहाच धरत आले. तिनं लक्षात ठेवलं म्हणून ते निवांत विसरून गेले होते.

"बाबा? बरं वाटतंय ना?"

"तुझी आई," मामा म्हणाले. त्यांनी चाचपून सुतळीची गाठ घट्ट केली. "तुझी आई संथ नव्हती गं. दुप्पट काम करत होती ती."

"म्हणजे?"

"दोन फेरे झाले की एक म्हण. असे दहा. फिरव."

लेकीनं फिरवलं. आता तिच्याही तोंडून एक आणि दोनच्या मध्ये तीच लांबण येऊ लागली. सातपर्यंत आल्यावर ती थबकली. लहानपणी दाराच्या उंबऱ्यावर बसून हीच मोजणी ऐकत ती अभ्यास करायची, हे तिला आठवलं असावं. मग तिनं चाक पुन्हा फिरवलं आणि आठ म्हटलं.

"एक्केचाळीस!" गाडीखालून असा आवाज आला की सिस्टर दचकली. "दहाला एक्केचाळीस. चार पूर्णांक एक. सिस्टर, घ्या ही गाडी! डोंगर काय, जिना चढेल."

"नक्की ना मामा? मगाशी काहीतरी वीस म्हणालात."

मामा सरपटत बाहेर आले, उठून बसले. "मगाशी मी चुकलो होतो," ते सरळ म्हणाले. "मोजणारी चुकली नव्हती. आता दोघांचं जुळलंय. पेशंट बसवा आणि न्या."

सिस्टरनं त्यांच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं आणि विकणाऱ्याला तिथूनच फोन लावला.

तिची गाडी जाण्याआधी शेवटचं काम उरलं होतं. मामा तेलाच्या रिकाम्या डब्याची एक पट्टी कापून घेत, तिच्यावर हातोडी आणि पंच, म्हणजे टोकदार लोखंडी खिळा, घेऊन आकडा ठोकत आणि शेवटी एक ठिपका मारत. ती पट्टी तारेनं ॲक्सलला बांधली की काम पुरं. कुठलाही मेकॅनिक गाडीखाली शिरून ठिपका पाही आणि म्हणे, आकडेमामांचं आहे, मोजायची गरज नाही.

मामांनी चार ठोकला, मग एक. ठिपका मारला. मग पंच उचलला, चाचपडत बोटानं जागा शोधली आणि त्याच्या शेजारी दुसरा ठिपका मारला.

लेक बघत होती. "दोन?"

"दोन."

पट्टी तिनंच नेऊन बांधली. गाडी फाटकातून बाहेर पडून वळणावर दिसेनाशी झाली, तरी मामा तिकडेच बघत उभे होते. अशा किती गाड्या त्यांनी पाठवल्या असतील. सगळ्यांच्या पोटाखाली एकच ठिपका होता आणि तो मिरवत त्या कुठं कुठं हिंडत होत्या.

"बाबा, किल्लीचं काय करायचं?" लेकीनं हात पुसत विचारलं. "दोनदा चुकलात हां तुम्ही."

"चुकलो. देणार होतो, देतोही." मामांनी किल्ली काढून तिच्या तेलकट हातावर ठेवली. "पण कुलूप लावू नकोस. त्यातल्या काही गाड्या कधी ना कधी परत येतील दुरुस्तीला. त्यांच्यावर दुसरा ठिपका मारायचा राहिलाय."

त्यांनी पंच शर्टाच्या खिशात टाकला, खिसा बटणानं बंद केला आणि जॅक उचलायला खाली वाकले.